विहिरीवरची अक्षरं

टॅक्सीवाला आमचं गाव चुकला. गाव येऊन गेलं आणि त्याला कळलंच नाही. पुढच्या सीटवरून माझे हे ओरडले, "अरे, मागे राहिलं!" त्याने गाडी वळवली, गाव पुन्हा येऊन गेलं, आणि तिसऱ्या खेपेला कुठे आम्ही एका वाकड्या खजुराची खूण धरून उतरलो. कुवेत शहरातून दक्षिणेला निघालं, फिंतास मागे टाकलं, की फहाहीलच्या अलीकडे समुद्राच्या कडेला चाळीसेक मातीची घरं, एक मशीद, दोन दुकानं, एक नवी कोरी शाळा आणि एक विहीर. झालं गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नजर थकेपर्यंत वाळू.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला पुरता महिना झाला नव्हता. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात 'कुवेत' हा शब्द लोक जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखा उच्चारत. मी मनात मोठमोठे बंगले, रुंद रस्ते, काचेची दुकानं घेऊन बोटीत चढले होते. आणि उतरले तर समोर तीन शेळ्या आणि एक म्हातारी. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, माझ्या ह्यांना म्हणाली (अर्थ मला मागाहून कळला), "एवढीशीच आणलीस?" आणि माझा हात धरून मला घरात नेलं. हे शिंपी. आधी अहमदीत तेल कंपनीच्या लोकांचे कपडे शिवत, मग या गावात शिंपी नाही असं कळल्यावर इथे दुकान थाटलं. म्हातारी आमची घरमालकीण. तिच्या अंगणातली एक खोली आमची. मी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तो शब्द तिच्याकडेही चालायचा आणि आमच्याकडेही, त्यामुळे पहिल्याच दिवशी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम भाषेनेच केलं. मला अरबीचा एक शब्द येत नव्हता आणि तरी चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात खालाशी भांडत होते. कारण स्टोव्हला ती म्हणायची चूला. लोणच्याला आचार. पोत्याला गोनी. पंख्याला पंका. आंब्याला हंबा. सरळ जा म्हणायचं तर सीदा. मी प्रत्येक शब्दाला टाळी वाजवायचे, "हा आमचा!" आणि खाला म्हणायची, "तुमचा कसा? माझ्या आजीचा!" पुढे कळलं की गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तरुणपणी गलबतांवर खजूर लादून मुंबईपासून मलबारापर्यंत किनारा धुंडाळला होता, आणि परत येताना लाकूड, काथ्या, मसाल्यांबरोबर हे शब्दही भरून आणले होते.

त्या म्हाताऱ्यांमधला सगळ्यात मोठा म्हणजे नाखवा. आपल्याकडे नाखवा, त्यांच्याकडे नोखदा, माणूस तोच. सहा फूट उंच, एक डोळा अधू, आवाज असा की तो किनाऱ्यावरून सलाम करायचा तो आम्हाला चुलीपाशी पोचायचा. मी रत्नागिरीकडची हे कळल्यावर तो दुकानात आला, ह्यांच्या मशीनशेजारी ऐटीत बसला आणि त्याच्याजवळ होती नव्हती तेवढी हिंदुस्तानी त्याने एका दमात ओतली: "जयगड! दाभोळ! अच्छा पानी! नारियल! चोर कस्टमवाला!" मी पडद्यामागे तोंडात पदर कोंबून हसले. जयगड! माझ्या मामाचं गाव! या वाळूत कोणी जयगडचं नाव घेईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

आता गावचा स्वभाव सांगायचा तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. गाव थाळीसारखं सपाट होतं, पण त्यात वरची आळी आणि खालची आळी होती. वर कशाच्या आणि खाली कशाच्या, हे कुणालाही सांगता यायचं नाही. खाला वरच्या आळीची, नाखवा खालच्या. दोघं चुलत भावंडं. आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी एका बकरीवरून काही झालं होतं. कुणाची बकरी, कुणाच्या मुळ्याच्या वाफ्यात, हे मी दोन्ही बाजूंनी इतक्या वेळा ऐकलं की माझ्या डोक्यात शेवटी दोन बकऱ्या आणि चार वाफे झाले. पण न बोलता त्यांचं अडत मात्र नव्हतं. नाखवा आमच्या अंगणाबाहेर उभा राहून भिंतीला सांगायचा, "हे भिंती, आज माशांना चांगला भाव नाही, जुबैदी घरीच खा, ही पाठवतोय." जुबैदी म्हणजे आपलं पापलेट. खाला आतून शेळीला सांगायची, "कुणाला तरी सांग, मागच्या खेपेची मासळी शिळी होती." भिंत आणि शेळी दोघी इमानाने निरोप पोचवायच्या. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मला वाटतं, शेळीपेक्षा मी जरा बऱ्यापैकी करत असेन, कारण महिन्याभरात मला अरबी बोलता यायला लागली.

आणि या सगळ्याच्या मधोमध विहीर. गावाचं सगळं हिरवं होतं ते तिच्यामुळे. टोमॅटो, मुळा, जनावरांचा गवत-पाला, खजुराची बाग. गाढवं उतारावर जाऊन कातड्याची मोट ओढायची, अगदी आपल्याकडच्यासारखी. विहिरीच्या दोन्ही बाजूंना मातीचे जाड खांब आणि त्यांच्यावर आडवी टाकलेली एक सागवानी तुळई. तिच्यात लाकडी चाकं बसवलेली. तुळई काळीभोर, तेल पिऊन पिऊन चकचकीत झालेली. तिच्या पाण्याकडच्या अंगाला काही अक्षरं कोरलेली होती. ती कुणालाच वाचता येत नसत. अरबी नव्हेत, इंग्रजी नव्हेत. गावातल्या बायका पाणी भरायला आल्या की हात वर करून तुळईला लावायच्या आणि तोच हात कपाळाला. मशिदीतला इमाम म्हणायचा, हे बरं नव्हे, लाकडाला कसले हात लावता. पण त्याची बायकोही लावायची, आणि ती इतकी बुटकी होती की त्यासाठी उडी मारायची. मीही लावायचे. अक्षरं माझ्या डोक्यावर, उलट अंगाला, तेलाने भरलेली. मी कधी मान वर करून नीट पाहिलंच नाही. बायका सांगतात म्हणून हात लावायचा, एवढंच.

असं सगळं सुखात चाललं असताना शाळेत कागद आला. शाळा वर्षाचीच. मास्तर पॅलेस्टाइनकडचा, तरुण, बारीक, उन्हाळ्यातसुद्धा टाय लावणारा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. कागद वरून आला होता: प्रत्येक गावच्या शाळेने आपल्या गावाचा इतिहास एका पानात लिहून पाठवावा, तपासायला साहेब येतील. उस्तादाने भाबडेपणाने वही-पेन्सिल घेतली आणि तो घरोघर विचारायला निघाला. बिचारा! त्याला कुठे माहीत होतं की तो काय उकरतोय.

खालाने त्याला दोन तास बसवलं. गाव तिच्या आजोबांनी वसवलं. आजोबा उंटावरून चालले होते, उंट इथे बसला आणि उठेचना, म्हणून खणलं तर गोड पाणी. तुळई आजोबांनीच आणली, कुठून तर एका बुडालेल्या राजवाड्यातून, आणि अक्षरं राजाची. नाखव्याने त्याला तीन तास बसवलं. कसला उंट! गाव त्याच्या आजोबांनी वसवलं, वादळात होडी फुटली म्हणून, आणि तुळई त्याच्या बापाने हिंदुस्तानातून आपल्या गलबतावर आणली. लाकूड विकणाऱ्या भल्या माणसाने तिच्यावर स्वतःच्या हाताने दुआ कोरून दिली. इमामाने सांगितलं की दोन्ही आजोबा एकच होते, कारण ही दोघं चुलत भावंडं आहेत ना! हे ऐकून दोन्ही घरं इमामावर रागावली आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे कुणाकडूनच मासे गेले नाहीत.

वरची आळी उंटाची, खालची आळी होडीची. दुकानात हे माप घ्यायला लागले की गिऱ्हाईक हात पसरून उभं राहायचं आणि विचारायचं, "तू सांग, उंट की होडी?" हे तोंडात टाचण्या धरून नुसतेच "हं हं" करायचे. टाचण्यांमुळे आमचा धंदा टिकला असं ते पुढे कित्येक वर्षं सांगत.

उस्ताद हुशार. त्याने ठरवलं, माणसांना विचारून उपयोग नाही, लाकडालाच विचारू. तो ह्यांच्याकडून कापडाचे नमुने कापायचा मोठा खाकी कागद आणि खुणा करायचा खडू घेऊन गेला, शिडी लावून विहिरीवर चढला आणि तुळईवर कागद धरून त्याने खडू घासला. अक्षरं कागदावर उमटली. त्या काळात कुवेतजवळच्या फैलका बेटावर परदेशी लोक जुनं काही खणून काढत होते, शाळेत त्याच गप्पा. उस्तादाचे डोळे चमकायला लागले. हजारो वर्षांपूर्वीची लिपी! त्याने खाली उतरून जाहीर केलं की आपलं गाव राजाइतकं जुनं आहे, आणि येत्या गुरुवारी साहेबांसमोर तो अर्थ सांगेल. गाव आनंदाने नुसतं उसळलं. उंटवाले आणि होडीवाले दोघेही म्हणाले, आम्ही म्हणत नव्हतो?

कागद घासताना चुरगळला होता, म्हणून इस्त्री करायला तो आमच्याकडे आला. मी कणीक मळत होते. ह्यांनी कागद चटईवर पसरला, इस्त्रीत निखारे घातले आणि मला म्हणाले, "जरा त्या बाजूनं धर गो." मी कोपराने दाबून धरलं. मी पलीकडच्या बाजूला, म्हणजे कागद मला उलटा. आणि उलट्या बाजूने ती अक्षरं सुलटी होती.

तुळई उलटी बसवलेली होती! मी वाचलं. पुन्हा वाचलं. मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या मोहल्ल्याजवळ तीच एक शाळा होती. हे उर्दूत शिकलेले, त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. अक्षरं जुन्या वळणाची होती, वर टिंबं जास्त, पण सुवाच्य. पटाशीने कोरलेली, चार शब्द.

किडकी आहे. घेऊं नये.

मी आधी श्वास घेतला, मग तो सोडायचा राहून गेला, आणि मग जे हसू फुटलं त्याने मी कणकेच्या परातीवर पडले.

"काय गो? काय झालं?"

मला बोलता येईना. मी बोटाने अक्षरं दाखवत होते, कागदावर कणकेचे ठसे उमटत होते. "अवो... अवो, ही आपली... मराठी... म्हणतेय की किडकी आहे! घेऊ नका म्हणतेय!"

ह्यांनी इस्त्री बाजूला ठेवली. बराच वेळ कागदाकडे पाहिलं, जणू आता त्यांनाही वाचता येईल. मग एकदम त्यांचा चेहरा पांढरा पडला. "दुआ नाही?"

"नाही."

"राजाबिजा?"

"कुणीतरी सुतार असेल अवो! लाकडं निवडत असेल वखारीत! ही नको म्हणून खूण केली असेल!"

"गप्प बस," हे म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलायला लागल्या होत्या. "कुणाला बोलायचं नाही. वरची आळी माझं गिऱ्हाईक, खालची आळी माझं गिऱ्हाईक. ईद तोंडावर आलीय. गावभर कपडे शिवायचेत मला." एवढं बोलून त्यांनीही तोंड फिरवलं, आणि मला त्यांची पाठ गदगदताना दिसली.

आवाज ऐकून खाला दारात आली. "कशाला हसता?" मी म्हणाले, "पोटात गोळा आलाय." तिने मला ताबडतोब कडू काढा करून पाजला. मी तो हसत हसत प्याले, नाकातून बाहेर आला.

गुरुवार दोन दिवसांवर होता. ते दोन दिवस मी कसे काढले मलाच ठाऊक. पाणी भरायला जायची सोय नाही. इमामाची बायको उडी मारून त्या "घेऊ नये"ला हात लावायची, तोच हात कपाळाला न्यायची, आणि मला हंडा तिथेच टाकून भिंतीमागे पळावं लागायचं. बायका खालाला म्हणाल्या, तुझ्या हिंदी पोरीला दिवस गेलेत वाटतं, सारखी भिंतीआड धावते. खालाने आनंदाने माझ्यापुढे खजुरांची थाळी आणून ठेवली. आता मला दोन गोष्टी लपवायच्या होत्या, एक असलेली आणि एक नसलेली.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर सगळं गाव विहिरीपाशी. बसायला चटया, चहाची किटली, समोर शाळेची मुलं रांगेत. साहेब मोटारीतून आले. तेही गाव चुकून पुढे गेले होते, त्यामुळे उशीर झाला. जाडजूड, हसतमुख गृहस्थ. बायका एका बाजूला भिंतीच्या सावलीत. मी खालाला खेटून उभी, ओढणी नाकापर्यंत. हे समोर पुरुषांत बसलेले, मला डोळ्यांनी दटावत.

उस्ताद उभा राहिला. टाय नवा होता. त्याने खाकी कागद दोन मुलांना धरायला दिला, अर्थातच उलटा. तो बोलायला लागला आणि मी सांगते, तो सुंदर बोलला. हजारो वर्षांपूर्वी एक राजा या किनाऱ्यावरून गेला. त्याला तहान लागली. गावाने त्याला पाणी दिलं. "मित्रहो, ही लिपी अजून कुणी उलगडलेली नाही. पण मी पुष्कळ विचार केला आहे. माझी खात्री आहे की इथे लिहिलं आहे," त्याचा आवाज थरथरला, "'हे वाटसरू, ये, आणि हे स्वीकार!'"

स्वीकार! घेऊ नये! बरोबर उलटं!

मी ओढणी दातात धरली, भिंतीला कपाळ लावलं, अपघात, मरण, सासूबाई, सगळं आठवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. आधी एक शिट्टीसारखा आवाज निघाला, आणि मग मी जी सुटले ती सुटलेच. सगळं गाव वळून बघायला लागलं. पुरुषांत हे डोक्याला हात लावून बसले.

"काय झालं तिला?" नाखव्याचा आवाज आला. त्याने प्रश्न भिंतीला विचारला होता, कारण माझ्या पुढे खाला होती.

खालाने माझा दंड धरून हलवला. "बोल बिंती, बोल पोरी! पोट दुखतंय?"

आता लपवणं शक्यच नव्हतं. मी तिच्या कानाशी लागले. "खाला, ती अक्षरं आमची आहेत. मला वाचता येतात."

"तिला वाचता येतात!" खालाने गावाला ओरडून सांगितलं. "माझ्या पोरीला राजाची भाषा येते!"

"राजाची नाही खाला, आमच्या सुताराची."

हे तिने गाळलं. "काय लिहिलंय?"

किडक्याला अरबीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी करंगळी वाकडी करून तिच्या तळहातावर किड्यासारखी चालवली, लाकूड कुरतडल्यासारखे दात वाजवले. खाला गोंधळली. तिने तेच जसंच्या तसं गावाला करून दाखवलं: करंगळी चालवली, दात वाजवले. रांगेतली मुलं एका सुरात ओरडली, "दूदा! किडा! किडा!"

"किडा," मी म्हणाले. "लाकडाला किडा लागलाय. आणि खाली लिहिलंय, घेऊ नका."

गाढवाने तेवढे कान झाडले. खालाने ते हळूहळू समजून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पसरला की मी तसा तो पुन्हा पाहिला नाही. ती दोन पावलं पुढे गेली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ नाखव्याच्या तोंडावर बोलली.

"तुझ्या बापाने आणली होती ना रे तुळई? घे! किडकी आणली!"

नाखवा उठून उभा राहिला. "माझ्या बापाने? तू तर म्हणायचीस तुझ्या आजोबांनी आणली! राजवाड्यातून!"

"मी असं कधी म्हटलं?"

"सगळ्या गावाला सांगितलंस! उस्तादाच्या वहीत लिहिलंय!"

"ते खोडायला सांग. आमची नाहीच ती. आमच्या घराण्यात कोणी किडकं लाकूड घेत नाही."

"आमच्याही नाही!"

गेला महिनाभर ज्या तुळईसाठी दोन आळ्या एकमेकींच्या अंगावर जात होत्या, ती आता कुणालाच नको होती. उंटवाले म्हणत, होडीवाल्यांची. होडीवाले म्हणत, उंटवाल्यांची. आणि या सगळ्यात ती दोघं एकमेकांशी समोरासमोर बोलत होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बाकी सगळ्यांच्या आलं होतं. कुणीतरी फुसकन हसलं. मग साहेबांनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर ओढलं आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग इमाम. मग सगळेच.

हसू थोडं ओसरल्यावर इमाम विहिरीच्या कठड्यावर चढला. त्याने हातातल्या काठीने तुळईवर तीनदा ठोकलं. ठण, ठण, ठण. पितळेसारखा आवाज. "किती वर्षं झाली?" त्याने विचारलं.

नाखव्याने बोटं मोजली, मग सोडून दिली. "मला तेव्हा दाढीही फुटली नव्हती," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बापाबरोबर माझी पहिली सफर. वखारीतला माणूस डोकं हलवत होता, बोलत होता, बोट दाखवत होता. आम्हाला त्याची भाषा येत नव्हती. बाप म्हणाला, बघ, किती प्रेमाने आशीर्वाद देतोय." त्याने वर तुळईकडे पाहिलं. "तो नको नको म्हणत असणार."

"आणि मग?" साहेबांनी विचारलं.

"मग काय! तो नको म्हणत होता, आणि आम्ही आणली. वर उलटी बसवली. आणि ती बघा!" त्याने छाती पुढे काढली, त्याचा जुना आवाज परत आला. "माझ्याच बापाने आणली! लिहून घ्या, उस्ताद!"

"अर्धी आमची," खाला लगेच म्हणाली. "खांब आजोबांचे."

सगळं गाव मजेत होतं, एक उस्ताद सोडून. तो कागदाची गुंडाळी करत एकटाच उभा होता, आणि त्याचा तो नवा टाय बघून माझं हसू एकदम थांबलं. मी खालाला पुढे घालून त्याच्याकडे गेले. म्हणाले, "उस्ताद, मी वाईट वागले. तुम्ही सांगितलंत ते जास्त चांगलं होतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "चांगलं होतं ना? मी अख्खी रात्र घालवली होती त्यावर." आणि तोही हसला. "पण माझ्या गावच्या विहिरीवर काही लिहिलेलंच नव्हतं. निदान इथे आहे." त्याने शाळेची वही पुढे केली. "लिही. तुझ्या भाषेत. मी खाली अर्थ लिहितो." मी विहिरीच्या कठड्यावर वही ठेवून लिहिलं. वळण शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसंच आलं. ते पान साहेब आपल्या पिशवीत घालून घेऊन गेले. पुढे महिन्यांनी शाळेला उत्तर आलं, म्हणे आलेल्या सगळ्या पानांत हे एकच वरिष्ठांनी दोनदा वाचलं.

नंतरची दोन-तीन वर्षं गावात 'घेऊ नये' हा शब्द रूढ झाला. त्यांना घ म्हणता यायचा नाही, म्हणून ते 'गेऊनाये' व्हायचं. कोळी मासळी विकताना टोपली उचलून ओरडायचे, "गेऊनाये! गेऊनाये!" म्हणजे उत्तम माल आहे. ईदला नाखव्याच्या नातीने नवा झगा घालून गिरकी घेतली आणि ह्यांना म्हणाली, "एकदम गेऊनाये!" हे खूश. शेजारच्या गावचे लोक आम्हाला किडके म्हणून चिडवायचे आणि आमचे लोक छाती काढून म्हणायचे, हो, आम्ही किडके, साठ वर्षं उभे आहोत. बायका आधीसारख्याच तुळईला हात लावायच्या. मी एकदा इमामाच्या बायकोला विचारलं, अजून का? ती म्हणाली, "आता तर जास्तच. ज्याला सगळ्यांनी नको म्हटलं आणि जे टिकलं, त्याला हात लावायचा नाही तर कशाला?" आणि तिने उडी मारली.

खाला आणि नाखवा बोलायला लागली, त्याची किंमत मात्र आम्ही मोजली. आधी निरोप दिवसातून दोन असायचे. आता नाखवा सकाळी येऊन बसायचा तो दुपारपर्यंत, आणि अकरा वर्षांची थकीत सगळी भांडणं दोघं एकेक करून मिटेपर्यंत भांडत होती. बकरीचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही.

साठचं दशक अर्ध्यावर आलं तोवर रस्ता रुंद झाला, नळ आले, वीज आली. माणसं सरकारने बांधलेल्या नव्या घरांत जायला लागली. तुळई शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवली, सुलटी, मीच दाखवली बाजू. गिऱ्हाईक पांगलं तसे हे म्हणाले, शहराजवळ खैतानला जाऊ, तिथे आपली माणसं आहेत, दुकान चालेल. तोवर खरोखरच दोन मुली झाल्या होत्या. खाला म्हणाली, "मी आठ दिवस येते, तुझं घर लावून देते." नाखव्याने निरोपाला दोन मोठे जुबैदी पाठवले आणि स्वतः आला नाही, समुद्रावर वारा चांगला आहे असं कारण सांगितलं.

खैतानमध्ये आम्हाला दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. खाला आयुष्यात कधी जिना चढली नव्हती. पहिल्या दिवशी ती पायरी पायरीवर बसत, जिन्याला शिव्या देत वर आली. दुसऱ्या दिवशी तिला बाल्कनी सापडली. मग तिला आत बोलावणंच मुश्कील झालं. खाली गाड्या, हमाल, फेरीवाले, आमच्या रायगड-रत्नागिरीकडची पोरं, शाळेतून येणाऱ्या मुली. ती सगळ्यांना वरून सलाम घालायची, त्यांची चौकशी करायची, कोण कुठून आलं, लग्न झालं का, भाजी केवढ्याला घेतली. आठवड्यात रस्त्यावरचा प्रत्येकजण मान वर करून चालायला लागला. आठ दिवसांसाठी आलेली खाला सव्वीस दिवस राहिली. शेवटी नाखवा भाड्याची गाडी करून तिला न्यायला आला, जिन्याखाली उभा राहून त्याच्या त्या आवाजात ओरडला, आणि ती बाल्कनीतून वाकून म्हणाली, "वर ये, चहा टाकलाय. आणि बघ तरी, इथून किती लोक दिसतात!"